आकाश वाटून घ्यायचे, तर धोक्याची खबरही वाटून घ्या : अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिला खुले पत्र

प्रति,
मा. प्रशासक, फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन (एफएए), वॉशिंग्टन
आणि एफएएचे व्यावसायिक अवकाश वाहतूक कार्यालय

महोदय,

१६ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी टेक्सासमधल्या बोका चिकाहून उडालेल्या, स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या स्टारशिप यानाशी साडेआठ मिनिटांत संपर्क तुटला. यान फुटले आणि त्याचे जळते तुकडे कॅरिबियनजवळच्या टर्क्स अँड केकॉस बेटांवरून पडत गेले. पुढच्याच महिन्यात तुम्ही तज्ज्ञांचा गट बसवला. अशा तुकड्यांपासून विमाने कशी सांभाळायची, हे त्या गटाने पाहायचे होते. ऑगस्टमध्ये ते काम तुम्ही थांबवले. हे आम्हाला कळले ते डिसेंबरमध्ये, वॉल स्ट्रीट जर्नलच्या बातमीतून. बहुतेक शिफारशींवर आधीच अंमलबजावणी चालू आहे, असे कारण तुम्ही दिलेत. पण त्या शिफारशी कोणत्या आणि त्यातली कोणती कुठवर आली, हे विमाने सोडणाऱ्या माणसांपुढे मांडलेले नाही. हे निमूटपणे मान्य करणे मला शक्य नाही.

मी फ्लोरिडात एका प्रवासी विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. आमचे काम प्रवाशांना दिसत नाही. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती उंचीवरून, टाकीत इंधन किती, वाटेत हवा बिघडली तर उतरायचे कुठे, हे आम्ही ठरवतो आणि त्या कागदावर सही करतो. अमेरिकेच्या नियमांनुसार उड्डाणाची आखणी, विलंब आणि रवानगी यांची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांची मिळून असते. कॅप्टनची सही आणि माझी सही एकाच कागदावर असते. विमान सुटले की मी मोकळी होत नाही. ते उतरेपर्यंत ते माझे असते.

हे पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्या जाहीर सूचना-हरकतींसाठी मी इंग्रजीत लिहिते आणि पुढेही लिहीन. पण टँपा, ऑर्लँडो, मायामीतली किती तरी मराठी घरे नाताळच्या सुट्टीत कॅरिबियन बेटांकडे जातात. आईवडील भारतातून आले की त्यांनाही घेऊन जातात. आपले विमान अर्धा तास समुद्रावर गोल का फिरत होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. आणि भारतातही हा विषय दारात येऊन उभा आहे. श्रीहरिकोट्याहून २०२२ साली स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस उडाले, २०२४ साली अग्निकुलचे यान उडाले, आणि तामिळनाडूत कुलशेखरपट्टणम इथे नव्या प्रक्षेपण केंद्राची पायाभरणी झाली. तिथले लोक नियम करताना तुमच्याकडे बघतील. म्हणून तुम्ही काय करता, याची काळजी आम्हालाही आहे.

अवकाश प्रक्षेपणांना माझा विरोध नाही. मी राहते तिथे रात्री अंगणात उभे राहिले तरी यान चढताना दिसते आणि शेजारपाजारची मुले धावत बाहेर येतात. हवामानाचे जे उपग्रह पाहून मी विमानाची वाट ठरवते, तेही असेच वर गेलेले आहेत. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना तुटले, तेव्हा माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या सात जणांचे दुःख आम्ही केले. पण त्या सकाळी टेक्सास आणि लुईझियानावर हजारो तुकडे पडत असताना त्याच आकाशात प्रवासी विमानेही होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या विमानांना असलेला धोका मान्य मर्यादेच्या बाहेर होता, हे नंतरच्या अभ्यासात दिसले. यान तुटलेच तर अवशेषांचा धोका कुठे आहे हे तातडीने आखून विमाने बाजूला काढण्याची पद्धत त्या अनुभवातून उभी राहिली. म्हणजे या प्रश्नाचा अभ्यास तुमच्या संस्थेने वीस वर्षांपूर्वीच सुरू केला आहे. आज तो अर्धवट सोडायचे कारण काय?

प्रक्षेपणाच्या दिवशी माझ्या टेबलावर काय होते ते सांगते. केप कॅनव्हेरलहून यान आग्नेयेकडे जाणार असले की पडद्यावरच्या नकाशात बहामाच्या बाजूने समुद्रावर एक लांबट पट्टा उमटतो. त्याचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोटॅममध्ये, म्हणजे उड्डाणांसाठीच्या अधिकृत सूचनेत, आलेली असते. ऑर्लँडोहून पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनला जाणारे विमान त्या वेळेत त्या पट्ट्यात सापडणार असेल, तर मी त्याची वाट बदलते. वाट लांबली की इंधन वाढते. इंधन वाढले की विमान जड होते, आणि त्या जादा वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के इंधन दर तासाला नुसते ते वजन वाहण्यात जळते. विमान आधीच भरलेले असेल तर कधी मालाची पेटी खाली राहते, कधी वेटिंगवरचा माणूस. एवढे करून रिलीज, म्हणजे तो सही केलेला रवानगीचा कागद, पाठवावा, तर खबर येते की प्रक्षेपण चाळीस मिनिटे पुढे गेले. पुन्हा पहिल्यापासून. मग कळते की आज रद्द, उद्या त्याच वेळी. हे आम्ही तक्रार न करता करतो, कारण ही ठरलेली गोष्ट आहे. पट्टा आधी सांगितलेला असतो, वेळ आधी सांगितलेली असते. ठरलेल्या प्रक्षेपणाशी जुळवून घेता येते. माझे म्हणणे आहे ते न ठरलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे पट्ट्याबाहेर काही घडले तर त्याबद्दल.

गावाकडे घाटात सुरुंग लावायचा असला की ठेकेदार रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाल झेंडा देऊन माणूस उभा करतो, आणि सुरुंग फुटला की फुटला नाही ही खबर सर्वांत आधी त्या माणसाकडे जाते. १६ जानेवारीला झेंड्याजवळच्या माणसालाच खबर नव्हती. जर्नलने तुमच्याच कागदपत्रांच्या आधारे लिहिले आहे की यान फुटल्याचे मायामीच्या कंट्रोलर्सना, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांना, आधी कळले ते पायलटांकडून, ज्यांना समोर जळते तुकडे दिसत होते. स्पेसएक्सने ठरलेल्या हॉटलाइनवर लगेच कळवले नाही. त्या बातमीनुसार तीन विमानांनी इंधन कमी पडत असल्याची आणीबाणी जाहीर केली आणि ती बंद केलेल्या भागातून नेली गेली. तीन विमानांत मिळून सुमारे ४५० माणसे होती. सगळी सुखरूप उतरली. स्पेसएक्सने ही बातमी दिशाभूल करणारी असल्याचे म्हटले आहे, आणि त्यांची बाजूही लोकांपुढे यावी. पण काही विमानांनी थांबून राहताना इंधन कमी होत असल्यामुळे दुसरीकडे वळण्याची परवानगी मागितली, हे तर तुम्ही स्वतःच त्या आठवड्यात सांगितले होते. तेवढ्यावर मला कोणाच्या बातमीची गरज नाही.

इंधनाचा हिशेब वाचकांसाठी थोडा उलगडून सांगते, कारण सगळे त्यातच आहे. अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणासाठी नियम असा की विमानाने ठरलेल्या विमानतळावर पोचावे, तिथे उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळावर जावे, आणि त्यानंतरही पंचेचाळीस मिनिटे उडता येईल एवढे इंधन जवळ ठेवावे. वादळ असेल, गर्दी असेल तर मी त्यावर आणखी घालते. हे सगळे अंदाज माहितीवर उभे असतात. ढग किती वाजता जमतील, हे मला साधारण कळते. समुद्रावरच्या वाटेवर अचानक, मोठा, किती वेळ राहील ते न सांगता येणारा बंद पट्टा उमटेल, याचा अंदाज मी कशावरून करू? जमिनीवर असे झाले तर जवळ दहा विमानतळ असतात. पोर्तो रिकोच्या वाटेवर मोठी धावपट्टी असलेली बेटे मोजकीच, आणि त्यातल्या काहींवरून तुकडे पडत असतील, तर कॅप्टनला मी कुठे जा म्हणू? कॉकपिटमधून एवढाच संदेश येतो : होल्डिंग (हवेतच गोल फिरत थांबणे) चालू, पुढे जायची वेळ माहीत नाही, इंधन एवढे, सल्ला द्या. त्या ओळीला उत्तर देताना माझ्याकडे नकाशावर तो पट्टा, तो उघडण्याची वेळ आणि तुकडे खाली यायला लागणारा काळ, हे असायलाच हवे. अंदाजावर विमान चालत नाही.

आणि ही एकदाच घडलेली गोष्ट नव्हती. ६ मार्च २०२५ रोजी पुढचे स्टारशिपही फुटले. त्या संध्याकाळी मायामी, फोर्ट लॉडरडेल, पाम बीच आणि ऑर्लँडो या विमानतळांवर विमाने थांबवावी लागली. सुमारे २४० उड्डाणांना फटका बसला आणि दोन डझनांहून जास्त विमाने दुसरीकडे वळली. मे महिन्यात नवव्या उड्डाणाच्या वेळी तुम्ही धोका क्षेत्र ८८५ सागरी मैलांवरून १,६०० सागरी मैलांपर्यंत वाढवले आणि प्रक्षेपण गर्दी नसलेल्या वेळेत करायला लावले. तो निर्णय बरोबर होता, आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण त्याच महिन्यात तुम्ही टेक्सासहून वर्षाला पाचऐवजी पंचवीस उड्डाणांना मान्यताही दिली. धोका मोठा आहे हे कबूल करायचे आणि त्याच श्वासात संख्या पाचपट करायची, यांचा मेळ मला लागत नाही.

आता फ्लोरिडाकडे या. या किनाऱ्यावरून २०२४ मध्ये ९३ प्रक्षेपणे झाली, २०२५ मध्ये शंभरी ओलांडली. त्यातली बहुतेक सुरळीत जातात; फाल्कन ९ हे यान आता इतके सरावाचे झाले आहे की त्याच्या वेळा आम्ही बसच्या वेळापत्रकासारख्या पाहतो. पण केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-ए तळावरून स्टारशिप उडवण्यासाठी तुम्ही ऑगस्ट २०२५ मध्ये जो पर्यावरणीय अहवालाचा मसुदा काढलात, त्यात वर्षाला ४४ उड्डाणे आणि ८८ उतरणी धरलेल्या आहेत, आणि प्रक्षेपणाच्या वेळी प्रवासी विमानांना चाळीस मिनिटांपासून दोन तासांपर्यंत उशीर होऊ शकतो, असेही त्यातच लिहिले आहे. जगातल्या सर्वांत गर्दीच्या सुट्टीच्या वाटांपैकी एक वाट या तळाच्या डोक्यावरून जाते. टेक्सासच्या टोकावरून उडणाऱ्या यानासाठी जे चालले ते ऑर्लँडोच्या शेजारी चालेल, असे धरू नका.

दुसरा मुद्दा कमी दिसणारा आहे, पण मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. अवकाश व्यवसायात सगळीच उड्डाणे अवकाशात जात नाहीत. यानाला उंचावर नेऊन सोडणारी मोठी विमाने असतात. व्हर्जिन गॅलॅक्टिकचे ईव्ह हे त्यातले एक, आणि स्ट्रॅटोलाँचचे रॉक तर पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ११७ मीटर लांब आहे. केनेडी केंद्राच्या जुन्या शटल धावपट्टीवरून एफ-१०४ ही जुनी लढाऊ विमाने प्रशिक्षणासाठी आणि चाचण्यांसाठी उडतात. २०१८ च्या कायद्याने अशा उड्डाणांना वेगळी ओळख दिली : प्रक्षेपणही नाही, परतीचे उड्डाणही नाही, पण त्यांच्या मदतीसाठी केलेले उड्डाण. ओळख दिली हे चांगलेच झाले. पण आमच्या पडद्यावर ती ओळख दिसत नाही. असे विमान आपल्या वाटेने चालले असताना ते साधे विमान आहे की पोटाखाली इंधनाने भरलेले यान घेऊन चालले आहे, हे मला वेगळे कळायला हवे, कारण त्याच्याबरोबरचा धोका वेगळा आहे. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटावर व्हर्जिन गॅलॅक्टिकचे स्पेसशिपटू यान वाहक विमानापासून सुटल्यावर काही क्षणांत हवेत तुटले. एक वैमानिक गेला, दुसरा जखमी झाला. वाहक विमान सुखरूप उतरले, पण तुकडे वाळवंटावर दूरवर विखुरले. ते आकाश मोकळे होते म्हणून तेवढ्यावर भागले.

११ जुलै २०२१ चे उदाहरण तर तुमच्याच दप्तरात आहे. व्हर्जिन गॅलॅक्टिकचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन ज्यात होते ते त्या कंपनीचे यान उतरताना आखून दिलेल्या हवाई क्षेत्राच्या बाहेर १ मिनिट ४१ सेकंद गेले आणि कंपनीने ते तुम्हाला कळवले नाही. तुम्ही उड्डाणे थांबवलीत, चौकशी केलीत आणि सप्टेंबरअखेर परवानगी देताना दोन अटी घातल्या : संरक्षित क्षेत्र वाढवायचे, आणि उड्डाण चालू असतानाच कंट्रोलर्सना खबर देत राहायचे. महोदय, मी आज जे मागते आहे ते हेच आहे. तुम्ही ते एका छोट्या यानाबाबत, न्यू मेक्सिकोच्या ओसाड भागात, करून दाखवले आहे.

तिसरी गोष्ट संमतीची. अवकाशात जाणाऱ्या प्रवाशाकडून कंपनी लेखी संमती घेते. यान असुरक्षित असू शकते, सरकारने ते प्रमाणित केलेले नाही, हे त्याला सांगावे लागते आणि तो सही करतो. खालून जाणाऱ्या विमानातल्या आजीने कशावर सही केलेली असते? तुमच्या नियमांनी त्या आजीसाठी एक मर्यादा घातली आहे : माणसांना मारू किंवा गंभीर जखमी करू शकणारा तुकडा विमानाला लागण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा जास्त नसावी. ही मर्यादा मला मान्य आहे. पण ती कागदावर पाळली जाते ती आधी आखलेल्या पट्ट्यात विमान नसते म्हणून. तुकडे पट्ट्याबाहेर गेले, किंवा खबर उशिरा आली, किंवा इंधन संपत आल्याने विमानाला त्या पट्ट्यातूनच जावे लागले, की ती मर्यादा कोण सांभाळतो? त्या घटकेला सगळा भार एका कंट्रोलरवर, एका कॅप्टनवर आणि माझ्यासारख्या एका डिस्पॅचरवर येतो. कंट्रोलर कमी आहेत, हे सगळ्या देशाला माहीत आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. ६ फेब्रुवारी २०१८ च्या स्पेसएक्सच्या फाल्कन हेवी या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणामुळे ५६३ विमानांना मिळून ४,६४५ मिनिटे उशीर झाला आणि ३४,८४१ सागरी मैल जादा उडावे लागले. तो खर्च कोणाच्या खिशातून गेला ते उघड आहे. देशांतर्गत तिकिटावर प्रवासी साडेसात टक्के कर भरतो आणि त्यातून हवाई वाहतूक यंत्रणा चालते. २०२५ च्या कायद्याने प्रक्षेपणांवरही शुल्क आणले, पण ते परवाने देणाऱ्या कार्यालयासाठी आहे. आकाश बंद ठेवण्याचा खर्च अजून तिकीट काढणाऱ्याच्याच डोक्यावर आहे. याचा निर्णय संसदेने करायचा, तुम्ही नाही, हे मी जाणते. म्हणून त्यावर तुमच्याशी भांडत नाही.

एका गोष्टीवर मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. ११ मे १९९६ रोजी मायामीहून सुटलेले व्हॅल्यूजेटचे विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि ११० माणसे गेली. विमान व्यवसायाला उत्तेजन देण्याचे आणि त्याच व्यवसायावर नजर ठेवण्याचे काम एकाच संस्थेकडे कसे, हा प्रश्न तेव्हा देशाने विचारला, आणि त्याच वर्षी संसदेने विमान व्यवसायाच्या उत्तेजनाचे काम तुमच्या कर्तव्यांतून काढून टाकले. अवकाश व्यवसायाच्या बाबतीत ते काम आजही तुमच्याकडेच आहे. तुमच्या कार्यालयातल्या माणसांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यातल्या अनेकांनी उमेदीची वर्षे विमान सुरक्षेत घातली आहेत. पण एकाच टेबलावर परवान्यांची घाई आणि सुरक्षेचा संथपणा ठेवला की घाईचे पारडे जड होते. हे शिकायला ११० जीव गेले होते. अवकाशाच्या बाबतीत तसाच धडा मिळायची वाट पाहू नका. संसदेला हे तुमच्या तोंडून कळायला हवे.

आता मागण्या.

थांबवलेल्या तज्ज्ञ गटाचे काम पुन्हा सुरू करा. तोपर्यंत त्या गटाने जे काही लिहिले आहे ते, अपुरे असले तरी, जसेच्या तसे प्रसिद्ध करा आणि प्रत्येक शिफारशीपुढे ती अमलात आली की नाही, आली असेल तर कधी, हे लिहा. नव्या गटात कंट्रोलर, पायलट आणि डिस्पॅचर यांना जागा द्या. टर्क्स अँड केकॉस आणि बहामाच्या विमान वाहतूक अधिकाऱ्यांनाही बोलवा. १६ जानेवारीचे तुकडे त्यांच्या आकाशातून पडले.

यान बिघडल्याची खबर क्षणात देणे ही परवान्याची अट करा. यानाची चालू स्थिती तुमच्या यंत्रणेत थेट येण्याची सोय २०२१ पासून आहे. त्या सोयीमुळे प्रक्षेपणानंतर आकाश लवकर मोकळे होते, हे मी रोज अनुभवते. ती प्रत्येक परवानाधारकाला सक्तीची हवी. यान तुटले की धोक्याचा पट्टा आणि तो किती मिनिटे राहील याचा अंदाज एकाच वेळी नियंत्रण कक्षात, कंपन्यांच्या डिस्पॅच कक्षांत आणि कॉकपिटमध्ये पोचला पाहिजे. जी कंपनी ही खबर उशिरा देईल, तिचे पुढचे उड्डाण त्या उशिराचे लेखी कारण जाहीर झाल्याशिवाय होऊ नये.

पूर्ण सिद्ध न झालेली याने गर्दीच्या वाटांवरून दिवसा उडवू नका. हे होऊ शकते. मे २०२५ मध्ये तुम्ही स्टारशिपला गर्दी नसलेली वेळ पाळायला लावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज बंद असताना तर सगळीच व्यावसायिक प्रक्षेपणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत करायचा आदेश काढलात. तुम्ही सूट दिलेले उड्डाण सोडले, तर कंपन्यांनी तो पाळला. जे कंट्रोलरांना पगार मिळत नसताना जमले, ते पगार मिळत असताना का जमू नये? सरावाच्या यानांना ही अट नको, मी तसे मागतही नाही. एखाद्या नव्या यानाने सलग किती उड्डाणे नीट केली म्हणजे त्याला दिवसाची वेळ द्यायची, हे तुम्ही ठरवा आणि आधी जाहीर करा. ३९-ए वरून स्टारशिपची उड्डाणे वाढवतानाही हाच नियम लावा.

अवकाशाच्या मदतीसाठी होणाऱ्या उड्डाणांना नोटॅममध्ये आणि उड्डाण आराखड्यात वेगळी खूण द्या. एकच खूण पुरे. ११ जानेवारी २०२३ रोजी नोटॅमच्या यंत्रणेतली एक फाइल बिघडली तर सबंध देशातली विमाने सुटायची थांबली होती. त्या यंत्रणेचा आम्हाला किती आधार आहे, ते तुम्हाला सांगायला नको. पण त्यातल्या शेकडो ओळींत महत्त्वाची ओळ हरवते, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

आणि वर्षातून एकदा हिशेब मांडा. प्रत्येक प्रक्षेपणामुळे किती विमानांना किती उशीर झाला, किती विमाने वळली, किती जादा इंधन जळले, किती वेळा इंधन कमी झाल्याची सूचना आली. आकडे तुमच्याकडे आहेत. कंपन्यांच्या नावांसह ते लोकांपुढे ठेवा, म्हणजे कोण काळजीने उडवतो तेही दिसेल. काळजीने उडवणाऱ्यांना याचा फायदाच होईल.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. परवान्याच्या अटी तुमच्या हातात आहेत. सुरुवात तज्ज्ञ गटाच्या अर्ध्या अहवालापासून करा. तो प्रसिद्ध झाला की आमच्यापैकी अनेक जण वाचून लेखी म्हणणे देतील, आणि ते देताना प्रत्येक मुद्द्याबरोबर आमच्या कामातला अनुभवही देतील. आपण तारीख कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक विमान डिस्पॅचर,
मध्य फ्लोरिडा